पाच आकड्यांचं मीटर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवीला माइकसमोर बसवलं की तो पाऊस, माती नाहीतर आई यांपैकी कशावर तरी बोलणार, असं धरूनच चालतात. आज मी मोटारीच्या मीटरवर बोलणार आहे. 'मीटर' हा शब्द आपल्याकडे भलताच राबवला गेलाय. विजेचं मीटर, नळाचं मीटर, रिक्षाचं मीटर. कवितेलाही मीटर असतं आणि ते चुकलं की मुशायऱ्यात मागच्या रांगेतून कुजबुज सुरू होते. मोटारीत मात्र चालकाच्या पुढ्यातल्या अख्ख्या पेटीलाच आपण मीटर म्हणतो. त्यात वेगाचा काटा असतो, पेट्रोलचा असतो, इंजिन किती तापलं ते सांगणारा असतो. ऑइलचा आणि चार्जिंगचा लाल दिवा असतो. आणि एका बारीकशा खिडकीत, गाडी आजवर किती किलोमीटर धावली त्याचे आकडे असतात. आजचं बोलणं मुख्यतः या खिडकीबद्दल आहे.

गाडी म्हणजे फियाट. आताच्या मुलांना हे नाव सांगावं लागतं. आमच्या पिढीत 'गाडी' म्हटलं की एकतर अँबेसेडर नाहीतर फियाट. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या जोडल्या गेल्या आणि पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन फियाट ११०० आली. पन्नासच्या दशकातली ती गोल पाठीची गाडी लोकांमध्ये 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखली जायची. आमच्या मोहल्ल्यात हे नाव उच्चारायची जरा पंचाईत होती. लोक नुसतं 'गोल फियाट' म्हणून वेळ निभावून न्यायचे. १९६४ मध्ये नव्या बांध्याची फियाट आली, तिला 'डिलाइट' म्हणत. सत्तरच्या दशकात तिचंच नाव प्रीमिअर पद्मिनी झालं. चितोडच्या ज्या राणीचं हे नाव, तिची कथा १५४० च्या सुमारास मलिक मुहम्मद जायसी या कवीनं अवधीत लिहिली. म्हणजे मोटारीचा आणि कवीचा संबंध मी ओढूनताणून लावतोय असं समजू नका.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली तोपर्यंत फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. नंतर ती फक्त मुंबईच्या टॅक्सीत उरली. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही गेली.

आमच्या घराण्यातली फियाट माझ्या मामूंची. १९७२ चं मॉडेल. मामूंचा अकोल्यात सरकी आणि ढेपेचा व्यापार होता. १९७९ साली त्यांनी ती अमरावतीच्या एका डॉक्टरसाहेबांकडून घेतली आणि २००६ पर्यंत चालवली. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती हा त्यांचा रोजचा नाही तरी आठवड्याचा रस्ता. डोळे अधू झाले तशी गाडी टिनाच्या शेडखाली उभी राहिली, ती उभीच राहिली. दोन वर्षांपूर्वी माझ्या मामेभावानं ती विकायला काढली. त्याच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायची होती. इंजिन, ब्रेक, वायरिंग अकोल्यातल्या मिस्त्रींनी मार्गी लावलं. मीटर आणि डॅश यांना हात लावायला मात्र कुणी तयार होईना. या कामात वेळ फार जातो आणि पैसे कमी मिळतात. ते काम माझ्याकडे आलं.

माझं शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. पण अमरावतीत इतवाऱ्यातल्या एका घड्याळजींकडे माझी तीस वर्षांची उठबस आहे. त्यांचा चिमटा, त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग आणि त्यांची सबुरी, यांवर हे काम झालं. मीटर मी कापडी पिशवीत घालून अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत रेल्वेनं आणलं. ज्या रस्त्याचं मोजमाप करण्यात त्याची उमर गेली, त्याच्याच कडेकडेनं ते पहिल्यांदा कुणाच्या तरी मांडीवर बसून आलं.

घरी कुणाला हे करायचं असेल तर पहिली गोष्ट, बॅटरीची तार काढून ठेवा. मग मीटरच्या मागची प्रत्येक तार काढण्याआधी तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावून नाव लिहा आणि फोटो काढा. जुन्या गाडीत तारेच्या रंगावर विसंबू नका. पन्नास वर्षांत ज्याला जी तार सापडली ती त्यानं जोडलेली असते. मागे मधोमध एक दातेरी नट असतो, तो हातानं सुटतो. त्यात मीटरची केबल बसलेली असते. ही केबल गिअरबॉक्समधून येते. गाडी जितक्या जोरात धावेल तितक्या जोरात ती आतल्या आत गरगर फिरते.

आता या केबलनं काटा कसा हलतो, हे ऐकण्यासारखं आहे. केबलच्या टोकाला मीटरच्या आत एक चुंबक असतो. चुंबकावर अॅल्युमिनियमची एक हलकी वाटी पालथी घातलेली असते आणि वाटीच्या दांड्याला काटा असतो. चुंबक आणि वाटी एकमेकांना शिवत नाहीत. मध्ये फट असते. शिवाय अॅल्युमिनियमला चुंबक एरवी ओढतही नाही. पण चुंबक फिरू लागला की वाटीत विजेचे बारीक भोवरे उठतात आणि वाटीला त्याच्यामागे ओढ लागते. तिला पूर्ण फिरू देत नाही ती केसासारखी एक स्प्रिंग, जिला घड्याळजी बालकमानी म्हणतात. ओढ आणि कमानी यांचं जिथं जमतं तिथं काटा थांबतो आणि आपण म्हणतो, गाडी साठनं चाललीय. ऑटो शुल्झ नावाच्या जर्मन माणसानं १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षं जगभरच्या गाड्या याच युक्तीवर वेग मोजत राहिल्या. न शिवता ओढ लागणे, यावर आमच्या बिरादरीनं हजारो शेर लिहिलेत. त्यात भर घालायचा मोह मी त्या दिवसापुरता आवरला.

काटा थरथरत असेल तर बहुतेक वेळा मीटरचा दोष नसतो, केबल कोरडी पडलेली असते किंवा कुठंतरी मुडपलेली असते. केबल बाहेर ओढून घासलेटनं धुवायची, वाळवायची आणि ग्रीसचा अगदी पातळ हात द्यायचा. वरच्या टोकाची चार बोटं मात्र कोरडी ठेवायची. कारण फिरता फिरता ग्रीस वर चढतं, मीटरमध्ये शिरतं आणि वाटी-चुंबकाचा चिखल करतं. आमच्या मीटरमध्ये पूर्वी कुणीतरी असंच भरघोस ग्रीस घातलेलं होतं. त्यात वऱ्हाडातली काळ्या मातीची धूळ मिसळून घट्ट लेप तयार झाला होता. तो काडीला कापूस गुंडाळून काढायला चार संध्याकाळी गेल्या. कापसाच्या मुलखात राहण्याचा एवढा तरी फायदा.

तबकडीवरचे आकडे छापलेले असतात. त्यांना पेट्रोल, थिनर, स्पिरिट यांतलं काहीही लावू नका; साठचा आकडा कापसाबरोबर निघून येईल. फक्त कोरडा मऊ ब्रश. काटा उपटायचाही नाही, दांडा मोडतो. बालकमानीला तेलाचा थेंबसुद्धा नको. समोरची काच प्लॅस्टिकची असेल आणि अंधुक झाली असेल तर टूथपेस्ट बोटानं गोल गोल घासली की बरीच उजळते. पेटीची आतली बाजू पांढरी असते, ती दिव्यांचा उजेड पसरावा म्हणून. आमची पिवळी पडली होती, तिला पांढऱ्या रंगाचा एक हात दिला आणि रात्री मीटर वाचता येऊ लागलं. लोक अशा वेळी मोठ्या वॅटचे बल्ब घालतात. त्यानं पेटी तापते, प्लॅस्टिक वाकतं, तबकडी करपते. मूळ होते तेवढ्याच ताकदीचे बल्ब घाला. पेट्रोलचा काटा हलत नसेल तर आधी टाकीतला तरंगता गोळा आणि त्याची तार तपासा. मीटर उगाच खोललं जातं.

आता ती खिडकी. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत किलोमीटरचे पाचच आकडे असत. पाच छोटी चाकं, प्रत्येकावर शून्य ते नऊ. नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव झाले की पाचही चाकं एकदम फिरतात आणि गाडी कागदोपत्री नवी कोरी होते. आमच्या मीटरवर होते ४१,३८६. मी ते आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलं आणि मगच पेटी खोलली.

मीटर माझ्या टेबलावर उघडं पडलेलं असतानाच गाडीला गिऱ्हाईक आलं. मधला माणूस होता. तो अमरावतीला माझ्या घरी येऊन बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "सर, हे खुल्लंच हाये तर येकेचाळीसचे येकवीस करून टाका. दोन मिनिटांचं काम." मी नाही म्हटल्यावर तो हसला. "काऊन जी? मंग शून्य करा ना बाप्पा. रिस्टोर केली म्हनून सांगू. सारेच करून रायले."

खरोखरच दोन मिनिटांचं काम होतं. चाकं मोकळी होती, चिमटा हातात होता. आणि त्याचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. काच घासली, रंग दिला, बल्ब बदलले, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. मग पाच चाकांनीच काय घोडं मारलंय? मला वाटतं फरक असा, की नवी काच कसला दावा करत नाही. ती नवी आहे हे दिसतं. आकडा मात्र साक्ष देतो. तो बदलला तर दुरुस्ती होत नाही, साक्षीदार फितवला जातो. हे मी त्या माणसाला सांगितलं नाही. त्याला मी एवढंच सांगितलं की आकडा राहील तसा राहील.

खरी अडचण पुढंच होती. कारण ४१,३८६ हेही खोटंच होतं.

मामू प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की वहीत लिहीत. तारीख, लिटर, रुपये आणि मीटरवरचा आकडा. व्यापाऱ्याची सवय. अशा सहा वह्या. मुमानी म्हणतात, "यांना पोरांची वयं आठवत नाहीत, गाडीचे किलोमीटर आठवतात." मी अकोल्याला जाऊन त्या वह्या वाचल्या. १९७९ मध्ये गाडी घेतली तेव्हा मीटरवर बासष्ट हजार आणि काही होते. १९८४ च्या वहीत एका ओळीखाली रेघ मारून लिहिलंय, 'मूर्तिजापूरच्या पुढे आकडा उलटला.' १९९७ मध्ये पुन्हा एकदा तसंच. मधे १९९१ मध्ये केबल तुटली होती. तीन महिन्यांच्या नोंदींपुढे मामूंनी प्रामाणिकपणे 'अंदाजे' लिहून ठेवलंय. म्हणजे गाडी धावली होती निदान दोन लाख एकेचाळीस हजार. डॉक्टरसाहेबांचे बासष्ट हजार तरी खरे होते का, असं मी मामूंना विचारलं. ते म्हणाले, "त्याच्या आधीचं अल्लाला माहीत. मी माझं सांगतो."

वह्या नसत्या तरी गाडी स्वतः सांगतेच. क्लच आणि ब्रेकच्या पायऱ्यांवरचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं असतं, चालकाच्या बाजूचं दार बिजागरीत लोंबतं, स्टिअरिंगचं चाक जिथं हात पडतात तिथं चकाकतं. जुनी गाडी घेणाऱ्यांनी आकडा वाचण्याआधी पायऱ्या वाचाव्यात. एकेचाळीस हजारात इतकं झिजत नाही.

मामेभाऊ माझ्यावर नाराज झाला. त्याचं म्हणणं, आपण आकडा बदलला नाही, तोच खूप झालं. मीटरवर एकेचाळीस दिसतात, घेणारा एकेचाळीस वाचेल, त्यात आपण काय खोटं बोललो? "भाईजान, तुमची कविता आहे, माझी फी आहे," तो म्हणाला. या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आजही नाही. मी फक्त म्हटलं की गाडी मामूंची आहे, त्यांना विचारू. मामू खाटेवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी वह्या कशाला लिहिल्या?" आणि वर जोडलं, "पण पोरीची फी भरली पाहिजे. भाव पाडून मागितला तरी गाडी द्या."

मधला माणूस त्यानंतर आला नाही. दोन महिन्यांनी पुण्याचे एक गृहस्थ आले. त्यांना गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद करायची होती. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नियम केला, की पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि चासी, बॉडी, इंजिन यांत फेरफार न झालेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते; मात्र ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. त्या गृहस्थांनी मीटर पाहिलं, पायऱ्या पाहिल्या आणि आम्ही काही बोलायच्या आतच म्हणाले, "हे फिरलेलं दिसतंय." मामेभावानं माझ्याकडे पाहिलं आणि वह्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी भाव कमी केला. बराच कमी केला. ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. रेडिओवर अशा कथा सांगताना शेवटी खऱ्याला जास्त पैसे मिळाल्याचं सांगायची पद्धत आहे, पण तसं झालं नाही.

डॅशबद्दल थोडक्यात सांगतो. आमच्या फियाटचा डॅश पत्र्याचा, रंगवलेला. त्यावर ऐंशीच्या दशकात कुणीतरी मरून रेक्झिन आणि फोम चढवला होता. अकोल्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, आणि काचेमागे उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त. रेक्झिन मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं, ते उन्हात उडून जातं. समोरच्या काचेवर आतून जो चिकट धूसर थर बसतो तो याचाच. मग रेक्झिन ताठरतं आणि तडकतं. तडा बुजवता येतो, वरून रंगवताही येतो, पण पुढच्या मेमध्ये तो शेजारीच पुन्हा उघडतो. म्हणून आम्ही ते सगळं काढूनच टाकलं. खालच्या पत्र्यावर मूळ रंग जवळजवळ शाबूत निघाला, फक्त डिंकाचे डाग होते. ते कोमट साबणाच्या पाण्यानं आणि नखानं निघाले. चकचकीत पट्ट्यांना पॉलिश केलं. जिथं मुलामा उडाला होता तिथं तो तसाच ठेवला. ज्यांना रेक्झिनच हवं असेल त्यांनी ते चढवण्याआधी उन्हात पसरून मऊ करावं. बाहेरगावचे लोक त्यासाठी केस वाळवायचं यंत्र वापरतात. आपल्याला एप्रिल-मे पुरतो. चिकटवायचं सोल्यूशन मात्र दारं उघडी ठेवून लावा, त्याच्या वासानं डोकं गरगरतं.

मीटर बसवल्यावर ते खरं बोलतं का, हे तपासायची सोपी रीत आहे. रस्त्यावर किलोमीटरचे दगड असतात. काटा साठवर स्थिर धरायचा आणि एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंद लागतात ते शेजारच्यानं मोजायचं. साठ लागले तर मीटर बरोबर. ही परीक्षा आम्ही अकोल्याहून मूर्तिजापूरच्या दिशेनं घेतली. याच अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज बुकात नोंद झाली होती. मामूंच्या वहीत या रस्त्यासमोर जागोजागी 'खड्डे' असा शेरा आहे. मामू मागच्या सीटवर होते, मामेभाऊ चालवत होता, मी घड्याळ धरून पुढे बसलो होतो. पहिल्यांदा बासष्ट सेकंद लागले, दुसऱ्यांदा एकसष्ट. म्हणजे काटा अंमळ पुढे दाखवतो. तेवढं चालतं, कमी दाखवण्यापेक्षा बरं.

घरी आलो तेव्हा मीटरवर ४१,४०८ होते. विक्रीच्या कागदावर आम्ही तेच लिहिलं आणि त्यापुढे कंसात, 'आकडा दोनदा उलटलेला आहे, सोबत वह्यांच्या झेरॉक्स.' मूळ वह्या मामूंनी दिल्या नाहीत. फी मामेभावानं दोन हप्त्यांत भरली. दुसऱ्या हप्त्यासाठी त्यानं माझ्याकडून उसने नेले ते अजून परत आलेले नाहीत, आणि मी मागितलेलेही नाहीत.